शेजाऱ्यांना विचारून भरलेला पिक्सेल

नमस्कार. दुर्बिणीच्या प्रतिमेतले बिघडलेले पिक्सेल कसे ओळखायचे आणि त्यांच्या जागी काय भरायचं, ते आज बघू. पडद्यावरची प्रतिमा कच्ची आहे, कॅमेऱ्यातून उतरली तशी. ताऱ्यांकडे नंतर वळू, आधी हे टोचणारे पांढरे ठिपके बघा. जमिनीवरच्या दुर्बिणीत ताऱ्याचा प्रकाश वातावरणामुळे विस्कटतो आणि सहसा काही पिक्सेलांवर पसरतो. त्यामुळे एकाच पिक्सेलात सुरू होऊन तिथेच संपणारा ठिपका दिसला, की तो आकाशातून आलेला नाही असं बहुतेक वेळा धरून चालायला हरकत नाही.

हे ठिपके म्हणजे हॉट पिक्सेल. सिलिकॉनमध्ये तिथे काही दोष असतो आणि प्रकाश नसतानाही नुसत्या उष्णतेनं इलेक्ट्रॉन साठत राहतात. तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरवलं की हा साठा निम्म्यावर येतो, म्हणून तर कॅमेरे थंड ठेवतात. हबल अवकाश दुर्बिणीच्या एसीएस कॅमेऱ्यातल्या सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिप, ठरावीक काळानं उलट मुद्दाम गरम करतात, त्यानं बरेचसे हॉट पिक्सेल ताळ्यावर येतात. सगळे मात्र येत नाहीत. काही पिक्सेल मेलेले असतात, ते उजेडाला दादच देत नाहीत. आणि ही डावीकडची काळी उभी रेघ? सीसीडीत प्रत्येक पिक्सेलचा विद्युतभार खालच्या पिक्सेलकडे सरकत सरकत बाहेर पडतो. वाटेत एखादा पिक्सेल तो भार अडवून धरणारा निघाला, की त्याच्या पलीकडून येणारं सगळं त्यात अडकतं आणि अख्खा स्तंभ वाया जातो.

वैश्विक किरणांच्या, म्हणजे अवकाशातून येऊन चिपवर आदळणाऱ्या कणांच्या खुणा वेगळ्या. त्या दर एक्स्पोजरला नव्या जागी उमटतात, त्यामुळे त्यांची कायमची यादी करता येत नाही. पीटर व्हॅन डोकम यांनी २००१ मध्ये मांडलेली एल. ए. कॉस्मिक ही पद्धत त्यांच्या कडांचा तीव्रपणा मोजून त्या हुडकते, कारण ताऱ्याची कड इतकी तीव्र असूच शकत नाही. हा विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

कायमच्या दोषांसाठी मास्क करायचा: प्रतिमेएवढाच तक्ता, चांगल्या पिक्सेलला शून्य, वाईटाला एक. बरेच डार्क, म्हणजे उजेड अडवून घेतलेल्या प्रतिमा, एकत्र करून त्यांचा मध्यक घेतला की हॉट पिक्सेल उघडे पडतात. बाकीचे सापडण्यासाठी दोन फ्लॅट, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड पाडून घेतलेल्या प्रतिमा घ्या, एक उजळ, एक मंद, आणि एकाला दुसऱ्यानं भागा. धड पिक्सेलांचं गुणोत्तर सगळीकडे जवळपास सारखं येतं आणि बिघडलेले वेगळे उठून दिसतात.

कुणी म्हणेल, डार्क वजा केला की हॉट पिक्सेल गेलाच ना? त्यातली सरासरी वजा होते, गोंगाट वजा होत नाही. दहा हजार इलेक्ट्रॉन साठले असतील तर त्यांचा चढउतार शंभराचा, तो तिथेच राहतो. शिवाय काही पिक्सेल आज एक आणि उद्या दुसरंच सांगतात. त्यांना मास्कमध्येच टाकावं.

आता भरायचं कशानं, हा खरा प्रश्न. सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी. आकाश रिकामं असेल तिथे ती उत्तम चालते. तारा असेल तिथे काय होतं, ते आकड्यांत बघू.

एक तारा घ्या. त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी तीन पिक्सेल, आकार गाउशियन, म्हणजे घंटेसारखा, शिखर बरोबर एका पिक्सेलच्या मध्यावर आणि तिथली किंमत १०,०००. ताऱ्याचा एकूण प्रकाश भरतो सुमारे १,०२,०००. समजा, नेमका शिखराचाच पिक्सेल वाईट आहे. लगतचे चार शेजारी सुमारे ७,३५० सांगतात, कोपऱ्यातले चार ५,४००. आठांची सरासरी येते सुमारे ६,३७५. खऱ्या किमतीपेक्षा ३,६०० हून अधिक कमी, म्हणजे एकूण प्रकाशात साडेतीन टक्क्यांची तूट. फक्त डावा-उजवा शेजारी घेतला तर ७,३५०, आणि तूट अडीच टक्क्यांच्या आसपास. दोन्हीकडचे दोन-दोन शेजारी घेऊन त्यातून घनवक्र (तिसऱ्या घातेचा वक्र) काढला, तर ८,८०० च्या वर जातो आणि तूट टक्क्याच्या थोडी वर राहते.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण गुरूसारखा मोठा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड साधारण एका टक्क्यानंच उतरतो! दुर्बिणीचा माग किंचित सरकला आणि तारा रात्रभरात त्या पिक्सेलवर येऊन गेला, तर सॉफ्टवेअर तुम्हाला न झालेलं अधिक्रमण दाखवेल.

मग सगळीकडे घनवक्रच का नको? कारण त्यात लांबच्या दोन शेजाऱ्यांना ऋण वजन मिळतं आणि गोंगाट फारसा कमी होत नाही, खऱ्या पिक्सेलइतकाच जवळपास राहतो. वक्राची घात आणखी वाढवत नेली तर तो भलत्याच उसळ्या घेतो. आठांच्या सरासरीत याच्या उलट होतं: गोंगाट जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो, भरलेला पिक्सेल आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसतो. डोळ्याला बरं वाटतं, पण पार्श्वभूमीचा गोंगाट मोजणारा प्रोग्रॅम अशा गुळगुळीत पट्ट्यांनी फसतो, आणि मग अंधूक दीर्घिका शोधण्याची मर्यादा चुकीच्या जागी पडते.

दिशासुद्धा महत्त्वाची. आयराफ या खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली जुनी फिक्सपिक्स ही आज्ञा वाईट पट्ट्याची अरुंद बाजू बघून त्याच दिशेनं रेषीय इंटरपोलेशन करते, म्हणजे दोन्ही काठांच्या किमती सरळ रेषेनं जोडून मधली जागा भरते. उभा वाईट स्तंभ असेल तर आडवं. प्रतिमेसाठी हे शहाणपणाचं आहे. पण वर्णपटात तरंगलांबी आडवी पसरलेली असेल आणि त्या स्तंभावरच तीन पिक्सेल रुंद उत्सर्जन रेषा असेल, तर आडवं इंटरपोलेशन तिचं शिखर छाटून टाकतं. म्हणूनच फिक्सपिक्समध्ये ओळीच्या दिशेनं की स्तंभाच्या दिशेनं हे आपण मास्कमधल्या आकड्यावरून ठरवू शकतो. ही सोय फार कमी लोक वापरतात, असं माझं निरीक्षण आहे.

रंगीत कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य: लगतचा पिक्सेल वेगळ्या रंगाच्या गाळणीखाली असतो, तेव्हा शेजारी धरायचे ते त्याच रंगाचे, आणि हे काम रंग जुळवण्याच्या आधी उरकायचं. नाहीतर एक ठिपका पसरून रंगीत डाग होतो.

पायथॉनकडे येऊ. अॅस्ट्रोपाय या तिथल्या खगोलशास्त्राच्या संचात वाईट पिक्सेलच्या जागी नॅन, म्हणजे 'इथे आकडा नाही' अशी खूण ठेवतात, आणि मग गाउशियन कर्नेलनं, म्हणजे शेजाऱ्यांच्या वजनांच्या छोट्या तक्त्यानं, आजूबाजूची भारित सरासरी काढून ती जागा भरतात. नॅन हा प्रकार सांसर्गिक आहे. साध्या बेरजेत एक नॅन आला की उत्तरही नॅन. साध्या फूरिए रूपांतरात (प्रतिमा लहरींत मोडण्याच्या गणितात) तर एका नॅनमुळे अख्खी प्रतिमा नॅन होते. अॅस्ट्रोपायचं कन्व्होल्यूशन, म्हणजे ही कर्नेलची भारित सरासरी, नॅनला वगळून उरलेल्यांची वजनं पुन्हा जुळवतं, म्हणून तिथे निभावतं. तरी कर्नेलपेक्षा वाईट डाग मोठा असेल, तर मधे नॅन शिल्लक राहतात. अशा वेळी लोक हमखास कर्नेल वाढवतात. माझ्या मते तिथे थांबावं. पंधरा पिक्सेलांच्या खड्ड्याच्या मध्यात काय होतं हे त्याच्या काठाला माहीत नसतं.

खड्डा भरण्याचा खरा उपाय दुर्बिणीपाशीच आहे: दर एक्स्पोजरला दुर्बीण किंचित सरकवायची. मग आकाशाचा तोच बिंदू पुढच्या वेळी चांगल्या पिक्सेलवर पडतो आणि अंदाज करावाच लागत नाही. डिसेंबर १९९५ मधलं हबल डीप फील्ड, ३४२ एक्स्पोजरचं, असंच घेतलं होतं, आणि ते एकत्र करण्यासाठी फ्रुक्टर आणि हूक यांनी ड्रिझल ही पद्धत रचली. तिच्यात प्रत्येक पिक्सेल आपलं वजन घेऊन येतो, वाईटाचं वजन शून्य.

मोजमापालाही हाच नियम लावता येतो. ताऱ्यावर आकार बसवून प्रकाश काढणार असाल, तर भरूच नका. वाईट पिक्सेलला शून्य वजन द्या, उरलेल्यांवरून आकार बसतो. मघाच्या ताऱ्यात आकार नीट माहीत असेल तर ती साडेतीन टक्क्यांची तूट उरतच नाही. अॅपर्चर फोटोमेट्रीत मात्र ताऱ्याभोवती काढलेल्या वर्तुळातल्या सगळ्या प्रकाशाची बेरीज हवी असते, तिथे काहीतरी भरावंच लागतं.

भरलंच, तर मास्क टाकून देऊ नका, प्रतिमेसोबत पुढे पाठवा. स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीच्या सूचीत प्रत्येक वस्तूबरोबर खुणा असतात: यात भरलेला पिक्सेल आहे, तो अगदी मध्याजवळ आहे, ताऱ्याच्या प्रकाशातला वीस टक्क्यांहून जास्त भाग भरलेल्या पिक्सेलांतून आलाय. सूचीतून विचित्र रंगाचे तारे निवडून काढलेत, की सगळ्यात आधी ही तिसरी खूण तपासा. विचित्रांपैकी काही तिथेच गळतील.