घाटात पिकअपला बँकर मिळत नाही

पुण्याची गाडी कर्जतला थांबली की मागून बँकर, म्हणजे घाटात ढकलणारी इंजिनं, लागतात, हे आपल्या मुंबईकरांना लहानपणापासून माहितीये, हातात वडापाव येईपर्यंत डब्याला जो हलकासा धक्का बसतो ना, तो तोच. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आणि तेवढ्यासाठी जास्तीची इंजिनं लावतात. रस्त्याचा घाट याहून खडा असतो. तिथे जनरेटरचा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला मागून ढकलायला कोणी येत नाही, तिची भिस्त मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमधल्या दोन गिअरवर, चाकं फिरवणारा मोठा क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन.

ही समोर दिसतेय ती पिकअप कुर्ल्याची. मालकांचा मांडव आणि लायटिंगचा धंदा आहे, लग्नसराई, गणपती, नवरात्र, वर्षभर ट्रेलर मागे असतोच. गाडी, सामान, जनरेटर सगळं धरून साधारण साडेतीन टन. तक्रार काय, तर घोडबंदरला गायमुखच्या चढावर जाममध्ये थांबत थांबत जाताना क्लच जळाल्याचा वास येतो आणि खोपोलीच्या वर चौथ्या गिअरमध्ये गाडी दम तोडते. आधी असं नव्हतं. कोणीतरी सांगितलं की क्राउन पिनियन बदलून टाका, रेशो, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे, वाढवा, म्हणून ते मिस्त्रींकडे आलेत.

मिस्त्रींनी गाडीखाली जायच्या आधी एकच विचारलं, "दादा, टायर कधी बदलले?"

टायरकडे येऊच, पण आधी रेशो मोजतात कसा ते बघा, कारण हे कुणालाही जमतं. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचललंय, चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून पिनियन फिरवणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण केलीय. आता चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं, दोन का तर दुसरं चाक जमिनीवर उभं आहे, त्यामुळे डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जोडणीत, क्राउनचा एकच फेरा होतो. आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. चार फेरे आणि वर थोडंसं. म्हणजे ४.१०, या गाडीत क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १०.

पिनियनला ११ दात असते तर हाच रेशो ३.७३ झाला असता. अमेरिकेत पिकअप बुक करतानाच बऱ्याचदा ३.५५ की ३.७३ असं विचारतात, आपल्याकडे बहुतेक वेळा कंपनी देईल तो घ्यायचा. आकडा मोठा तर ओढ जास्त, पण त्याच स्पीडला इंजिनही जास्त फिरणार. ३.७३ वरून ४.१० ला गेलात तर सगळ्याच गिअरमध्ये ओढ १० टक्क्यांच्या आसपास वाढते आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, तेही तेवढेच चढतात. रिकामी गाडी रोज हायवेला पळवणाऱ्याला ते डिझेलमध्ये भरावं लागतं. मुंबईत ट्रेलर ओढणाऱ्याने मात्र सपाट रस्त्याचा विचार करून रेशो ठरवू नये असं माझं ठाम मत आहे, त्याने विचार करायचा तो फ्लायओव्हरच्या चढावर, जाममध्ये, पुढची बस सरकली की आपल्याला साडेतीन टन जागेवरून उचलायचेत याचा.

म्हणजे या गाडीचा ४.१० ट्रेलरसाठी चांगलाच आहे. मग बिघडलं कुठे?

टायरमध्ये. कंपनीचे होते २४५/७० आर १६, व्यास साधारण ७४९ मिलिमीटर. मालकांनी दिसायला भारी म्हणून टाकले २६५/७५ आर १६, व्यास ८०४. ७ टक्के मोठं चाक. आत क्राउन पिनियन तेच, पण रस्त्यावर ४.१० चा झाला ३.८२. नकळत गाडीचा रेशोच उतरवला गेला, शिवाय मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८६ च्या जवळ असते.

घाटात ५० च्या स्पीडला, चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात असा धरला, तर जुन्या टायरवर इंजिन साधारण १४५० आरपीएमला असायचं, आता १३५०. डिझेल इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबणारा टर्बो नीट भरायच्या खालीच हा सगळा खेळ चाललाय, त्यामुळे शंभर आरपीएमही जाणवतात, आणि २० ला १ चढावर साडेतीन टनाला नुसतं वर चढायलाच १७५ किलोची ओढ लागते, रस्त्याचा आणि हवेचा विरोध वेगळा.

मोठे टायर ठेवूनच पूर्वीची ओढ हवी असेल तर ४.४० च्या आसपास रेशो लागेल. त्यासाठी हाउसिंग उघडायचं, क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे कारण ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढील, डायल गेजने बघायचा, दातांना रंग लावून घास कुठे येतो ते तपासायचं. गाडी फोर बाय फोर असती तर पुढच्या ॲक्सललाही तोच रेशो, नाहीतर पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसची वाट लागते. नव्या जोडीवर पहिले काही शे किलोमीटर ट्रेलर लावायचा नाही, गिअर तापतात, नंतर ९० नंबर ऑइल बदलून घ्यायचं. आणि एवढं करूनही ब्रेक, चासी, मागचा हुक तेच राहतात, कंपनीने लिहून दिलेल्या वजनात एक किलोची भर पडत नाही, हे मिस्त्रींनी दोनदा सांगितलं.

मालक बराच वेळ टायरकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "जुनेच टाका."

तीन दिवसांनी आम्ही त्यांच्याबरोबर निघालो, खोपोलीतून वर, जुन्या हायवेने, ट्रेलर मागे. शिंगरोबाच्या देवळापाशी त्यांनी गाडी चढावरच थांबवली, नाणं टाकलं, हात जोडले. मग पहिला गिअर, हाफ क्लच जेमतेम, आणि गाडी सुटली. वास नाही. पुढे तिसऱ्यात, आरपीएमचा काटा २००० वर.