भिंत बंद करण्याआधी

ऑकलंडमधला जुलै. न्यूझीलंडचा हा हिवाळा, आणि पावसाचेही हेच दिवस. समोर दिसतोय तो एका नव्या घराचा सांगाडा. रेडिएटा पाइनचे उभे खांब, ९० बाय ४५ मिलिमीटरचे, फिकट गुलाबी. तो रंग म्हणजे लाकडावर बोरॉनची प्रक्रिया झाल्याची खूण. छप्पर चढेपर्यंत हे सगळं लाकूड पावसात उभं होतं. आता खिडक्याही बसल्यात आणि घरमालकाला भिंती बंद करायची घाई झालीय. साहजिक आहे. कर्जाचा हप्ता आणि राहत्या जागेचं भाडं, दोन्ही चालू असतं. तरीही इथे थांबायलाच हवं.

भिंतीत अडकलेलं पाणी काय करतं, हे या देशाने फार महागात पाहिलंय. नव्वदच्या दशकात सपाट गिलाव्याची, पागोळ्यांना जागाच नसलेली घरं झपाट्याने उभी राहिली. १९९८मध्ये प्रक्रिया न केलेलं लाकूड वापरायलाही नियमांनी मोकळीक दिली. बारीक फटींतून पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि खांब आतल्या आत कुजले. २००९च्या एका अंदाजानुसार अशी घरं सुमारे ४२ हजार, आणि खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची कमाई त्यात गेली.

म्हणून बोरॉन परत आलं. पण बोरॉन कीड आणि कूज आवरतं, ओल काढत नाही. ओल्या लाकडावर भिंत झाकणारा बोर्ड ठोकला तर आत बुरशी धरते. लाकूड पुढे सुकताना आकसतं, खिळे वर येतात, सांध्यांना चिरा जातात. भिंतीत भरायची ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, भिजली तर घराला ऊब देत नाही, ते वेगळंच.

भिंत बंद करताना लाकडातल्या ओलीची मर्यादा आहे २० टक्के. म्हणजे एक किलो कोरड्या लाकडामागे २०० ग्रॅम पाणी. २.४ मीटरचा एक खांब ३० टक्क्यांवरून १८वर आणायचा, तर त्यातून साधारण अर्धा लिटर पाणी निघावं लागतं. असे शंभर खांब धरा, पन्नास लिटर झालं. ते एका रात्रीत जात नाही.

वारा कोरडा असेल तर सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. पाऊस असेल तर घर बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, लावायचं. गॅसची शेगडी मात्र नको! एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच हवेत मिसळतं.

मग ओल मोजणारा मीटर. दोन सुया लाकडात रुतवायच्या. ओल जितकी जास्त, तितकी वीज सहज वाहते. उन्हातल्या खांबाचा आकडा हमखास चांगला येतो, त्यावर विसंबू नका. दक्षिणेची भिंत तपासा. इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे सावली दक्षिणेला. जमिनीलगतची आडवी पट्टी तपासा, खिडकीशेजारी चिकटून उभे असलेले जोडखांब तपासा. गार लाकडात मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो आणि बोरॉनमुळेही आकडा हलतो, म्हणून तक्त्यातली दुरुस्ती करूनच आकडा लिहायचा.

या घरात खांब १७वर आलेत. दक्षिणेची तळपट्टी अजून २३ दाखवतेय. ती उतरेपर्यंत ग्लासवूलच्या पिशव्या फोडायच्या नाहीत.