रोगाचं नाव ‘डच’ का? वेस्टरडाइकबाई आणि त्यांच्या बुरश्या

स्क्रीनवरचा हा फोटो बघा. बोटाएवढी फांदी आडवी कापलीये. साल ठीकठाक, आतलं लाकूडही बरं दिसतंय. पण सालीच्या जरा आत बघा, तपकिरी ठिपक्यांचं कडं आहे. सुईनं टोचत टोचत गोल फिरल्यासारखं. हे कडं दिसलं, की झाडाचे दिवस भरत आले समजायचं.

झाडाचं नाव एल्म. नेदरलँड्समध्ये कालव्यांच्या कडेनं याच्या रांगाच्या रांगा असायच्या. पहिलं महायुद्ध संपता संपता हे एल्म भर उन्हाळ्यात वाळायला लागले. आधी शेंड्याची पानं पिवळी, मग ती आत वळायची, मग अख्खी फांदी जायची. कुणी म्हणालं, युद्धातल्या विषारी वायूचा परिणाम. कुणी दुष्काळावर ढकललं, कुणी जिवाणूंवर.

आज जग या रोगाला ‘डच एल्म डिसीज’ म्हणतं. ऐकणाऱ्याला वाटतं, डचांनीच पसरवला असणार. तसं काही नाही. त्याचं कोडं डच प्रयोगशाळेत सुटलं, म्हणून नाव डच. चोर पकडून दिला आणि चोरीलाच पकडणाऱ्याचं नाव पडलं!

ही प्रयोगशाळा होती योहाना वेस्टरडाइक यांची. मैत्रिणी त्यांना हान्स म्हणायच्या, आपण वेस्टरडाइकबाई म्हणू.

जन्म 1883चा, अ‍ॅमस्टरडॅमजवळचा. व्हायचं होतं पियानोवादक, पण हाताच्या दुखण्यानं ते राहिलं. मग वनस्पतिशास्त्र. तिथेही मेख होती. मुलींच्या शाळेचं प्रमाणपत्र होतं, त्यावर त्यांच्या देशात डॉक्टरेट मिळत नव्हती. बाई म्युनिकला गेल्या, तिथून झुरिकला, आणि मॉस वनस्पतींवर प्रबंध लिहून 1906मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या. वय वर्षं 23. बरं, प्रबंध मॉसवर आणि खुर्ची रोगांची!

पुढे 1917मध्ये युट्रेक्ट विद्यापीठानं त्यांना प्राध्यापक नेमलं. नेदरलँड्समधली पहिली महिला प्राध्यापक. ‘पहिली महिला’ एवढ्यावरच बहुतेक लेख संपतात. मला खरी गंमत त्याच्या पुढे वाटते.

एल्मचा तपास त्यांनी सोपवला बेआ श्वार्ट्स या विद्यार्थिनीकडे. श्वार्ट्सनी आजारी फांद्यांमधून एक बुरशी वेगळी काढली आणि 1922मध्ये प्रबंधात लिहिलं, गुन्हेगार ही आहे. बाहेरच्या तज्ज्ञांना ते पटेना. मग क्रिस्टीन बाउसमान ही दुसरी विद्यार्थिनी उभी राहिली. निरोगी एल्ममध्ये तीच बुरशी टोचली, झाडं तशीच वाळली, फांदी कापली तर आत तेच कडं. 1927च्या सुमारास वाद मिटला.

आता ते कडं म्हणजे काय? झाड मुळांकडून पाणी वर चढवतं बारीक नळ्यांमधून. सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे बुरशीचे बीजाणू एका एल्मवरून दुसऱ्यावर नेतात. बुरशी नळीत शिरली, की झाड घाबरून स्वतःच नळ्या बुजवायला लागतं, डिंकासारख्या पदार्थानं, फुग्यासारख्या वाढींनी. बुरशी थोडी अडते, पण पाणीही अडतं. झाड वाळतं ते तहानेनं.

याच्या जोडीला बाईंचं दुसरं काम चालू होतं, आणि माझ्या मते तेच मोठं. 1907मध्ये बुरश्यांचा एक संग्रह त्यांच्याकडे आला. जेमतेम 80 बुरश्या. हा संग्रह कपाटात ठेवून विसरायचा नसतो. प्रत्येक बुरशी टेस्टट्यूबमध्ये अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, जिवंत ठेवायची. खाऊ संपत आला, की कापसाचा बोळा काढायचा, सुई ज्योतीवर लालबुंद करून निववायची, बुरशीचा कण उचलून नव्या ट्यूबमध्ये ठेवायचा. एक ट्यूब विसरली, की ती बुरशी गेली. शिळ्या भाकरीवर न बोलावताच उगवणारी बुरशी ट्यूबमध्ये मात्र लाडावल्यासारखी वागते! बाईंच्या हयातीत या 80च्या 10 हजारांच्या घरात गेल्या. कुणालाही आपल्या रोगाची बुरशी तिथल्या नमुन्याशी ताडून बघता येऊ लागली. आज हा संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेला वेस्टरडाइक यांचंच नाव आहे, 2017पासून.

प्रयोगशाळा, संग्रह, सगळं बिऱ्हाड बार्न या गावी हललं होतं, ‘जावा’ नावाच्या बंगल्यात. बाई स्वतः 1913-14मध्ये जावा-सुमात्रा फिरून आलेल्या, त्यामुळे नाव शोभलं. त्यांच्या हाताखाली 56 जण डॉक्टर झाले, त्यात निम्म्याच्या आसपास बायका. एकीची डॉक्टरेट झाली, की मेजवानी ठरलेली. काम आणि सणसोहळा, दोन्हींनी मन घडतं, अशा अर्थाचं त्यांचं ब्रीदच होतं.

रोगाचं कारण कळलं, तरी मरणारं झाड वाचवायचा इलाज नव्हता. मग रोगाला दाद न देणारे एल्म शोधणं सुरू झालं. हजारो रोपांना मुद्दाम बुरशी टोचायची आणि तगेल ते ठेवायचं. बाउसमान 1936मध्ये गेल्या, वय अवघं 36. त्याच सुमाराला तगलेलं पहिलं झाड बाहेर आलं, त्याला ‘क्रिस्टीन बाउसमान’ नाव दिलं. एल्मच्या रोगाला ते पुरून उरलं, आणि त्याला गाठलं नेक्ट्रिया नावाच्या भलत्याच बुरशीनं. टोचणं पुन्हा सुरू झालं. 1948मध्ये पुढचा एल्म आला. त्याचं नाव ‘बेआ श्वार्ट्स’.