निकाल ठरतो वेळापत्रकात

नमस्कार श्रोतेहो.

7 ऑक्टोबर 1916 रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात कॉलेज फुटबॉलचा एक सामना झाला. जॉर्जिया टेक विरुद्ध कंबरलँड. निकाल 222 विरुद्ध शून्य. रेडिओची खरखर नाही, तुम्ही बरोबरच ऐकलंत. दोनशे बावीस विरुद्ध शून्य.

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवा करायचा, असा तो अमेरिकी फुटबॉल. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाऊन, त्याचे 6 गुण. मग चेंडू खांबांमधून मारला की आणखी एक. जॉर्जिया टेकने त्या दुपारी 32 टचडाऊन केले. पहिल्या सत्रातच 63 गुण झाले होते, मध्यंतराला 126. पुढची सत्रं दया येऊन थोडी आखूड केली, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे.

आता मला रस आहे तो 222 या आकड्यात नाही. कंबरलँडची पोरं मैदानात उतरलीच कशाला, यात आहे. टेनेसी राज्यातल्या लेबनॉन गावच्या या छोट्या कॉलेजाने फुटबॉल संघ आधीच बंद केला होता. पण सामन्याचा करार झालेला होता, आणि त्यात अट होती की आला नाहीत तर 3,000 डॉलर दंड. 1916 सालचे 3,000 डॉलर! आलात तर मात्र 500 डॉलर मिळतील. मग बेसबॉल संघाचा व्यवस्थापक असलेल्या जॉर्ज ॲलन नावाच्या विद्यार्थ्याने ओळखीपाळखीची डझनभर पोरं गोळा केली आणि रेल्वेत बसवली. मार खायचा, 500 डॉलर घ्यायचे आणि घरी यायचं, एवढाच बेत. म्हणजे त्या निकालाची पायाभरणी मैदानावर नव्हे, करारपत्रावर झाली होती.

जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन. आज त्यांच्या नावाचा करंडक दरवर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात. या सभ्य गृहस्थांनी एवढं का हाणलं? एक तर त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने त्यांच्या संघाला 22-0 असं हरवलं होतं, आणि त्या संघात भाड्याचे खेळाडू घुसवले होते असा संशय होता. दुसरं असं की त्या काळचे क्रीडापत्रकार कोणी किती गुण ठोकले त्यावरून संघांची प्रतवारी लावत, आणि हाइझमनना ती पद्धत हास्यास्पद वाटे. असल्या बेरजेला अर्थ नसतो हे त्यांना दाखवायचं होतं. दाखवायची रीत मात्र जरा महागात पडली, तीही दुसऱ्याला.

इथे मराठी माणसाला भाऊसाहेब निंबाळकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1948 साली पुण्यात रणजी सामन्यात ते 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाताशी आला होता, आणि काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांवर अन्याय झाला हे आपण आजही हळहळत सांगतो. पण काठियावाडला निदान निघून जाता आलं. कंबरलँडला ती मुभा नव्हती.

हा प्रकार जुना झाला असं समजू नका. 2012 साली सव्हाना स्टेट या लहान विद्यापीठाने मोसमाचे पहिले दोन सामने दोन बलाढ्य संघांशी ठरवले. ओक्लाहोमा स्टेटने त्यांचा 84-0 असा धुव्वा उडवला. पुढच्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेटने 55-0, आणि तोही सामना विजा चमकू लागल्यामुळे तिसऱ्या सत्रातच थांबवला म्हणून. दोन्ही मिळून त्यांना साधारण 8 लाख 60 हजार डॉलर मिळाले. लहान विद्यापीठाचा सगळा क्रीडाविभाग अशा पैशांवर तगतो. मोठ्या संघाला घरच्या मैदानावर तिकीटविक्री आणि हुकमी विजय मिळतो, लहानाला चेक मिळतो. याला खेळ म्हणायचं की व्यवहार, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तो व्यवहार वाटतो, पण राग येत नाही, कारण कधीकधी चेक घेणाराच घात करतो. 1 सप्टेंबर 2007 ला देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने ॲपलाचियन स्टेटला असंच 4 लाख डॉलर देऊन बोलावलं होतं. एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर पाहुण्यांनी मिशिगनला 34-32 असं हरवलं. शेवटच्या क्षणी मिशिगनने मारलेली किक अडवून हरवलं. वर मानधन घेऊन गेले!

पण असे सामने मुळात लागतात कशाला? वरच्या श्रेणीत सव्वाशेच्या वर संघ आहेत आणि मोसमात प्रत्येकाला सामने मिळतात 12. सगळे सगळ्यांशी खेळणं अशक्य. म्हणून विद्यापीठांनी आपापले गट केले, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. 8 किंवा 9 सामने गटातल्यांशी, उरलेले आपले आपण ठरवायचे. ते उरलेले तीन-चार सामने म्हणजेच हा बाजार. आणि गटातल्या 8-9 सामन्यांत वर्षानुवर्षांची वैरं जपायची. निदान तसं होतं.

वैर म्हणजे कसं, तर मिशिगन आणि ओहायो स्टेट. यांचं भांडण चेंडू शिवायच्या कितीतरी आधीचं. 1835 साली ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश यांच्यात टोलीडो गावाच्या पट्ट्यावरून वाद पेटला. अगदी बांधावरचं भांडण, फक्त दोन्हीकडून बंदुका घेतलेल्या फौजा. माणूस कोणी मेलं नाही. टोलीडो ओहायोला गेलं, आणि मिशिगनला नुकसानभरपाई म्हणून उत्तरेचं जंगल दिलं, जिथे पुढे तांबं आणि लोखंड निघालं. तोटा कोणाचा झाला यावर अजून एकमत नाही.

फुटबॉलमध्ये हे दोघे 1897 मध्ये पहिल्यांदा भेटले. 1902 मध्ये मिशिगनने 86-0 असं चिरडलं. पण वैराला खरी धार आली ती प्रशिक्षक वुडी हेज ओहायो स्टेटला आल्यावर. हे गृहस्थ मिशिगनचं नाव उच्चारत नसत, ‘ती वरची टीम’ म्हणत. मिशिगनच्या हद्दीत पेट्रोल विकत घ्यायला नको म्हणून त्यांनी गाडी ढकलत सीमेपार नेली असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. 1968 मध्ये 50-14 असा सामना खिशात असताना त्यांच्या संघाने शेवटच्या टचडाऊननंतर एका गुणाची किक मारायची सोडून दोन गुणांसाठी डाव टाकला. पुढच्याच वर्षी त्यांचेच जुने सहायक बो शेंबेकलर मिशिगनचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी अव्वल असलेल्या ओहायो स्टेटला 24-12 असं लोळवलं. पुढची दहा वर्षं गुरू-चेल्याचं ते युद्ध चाललं.

त्यातला 1973 चा सामना तर बघा. दोघेही अजिंक्य, सामना 10-10 असा बरोबरीत. मग बिग टेन या त्यांच्या गटातर्फे रोज बोल या मोठ्या सामन्याला कोण जाणार? गटातल्या दहा विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदान केलं आणि ओहायो स्टेटला पाठवलं. मैदानावर न लागलेला निकाल बैठकीत लागला. शेंबेकलर ते कधी विसरले नाहीत.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, भाची, नातू ओहायो स्टेटच्या कोलंबसला किंवा मिशिगनच्या ॲन आर्बरला शिकायला असेल, तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर विचारून बघा. ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारलेली असते. फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी आपली मुलंही त्या आठवड्यात लाल कपडे घालून फिरतात.

आता याच सामन्याला 2010 साली धक्का बसणार होता. नेब्रास्का गटात येणार म्हणून गटाचे दोन भाग पाडले, हे दोघे वेगवेगळ्या भागांत गेले, आणि मग हा सामना ऑक्टोबरमध्ये घ्यावा अशी कुजबुज सुरू झाली. लोक असे खवळले की तो बेत गुंडाळावा लागला.

नेब्रास्काचं स्वतःचं वैर मात्र वाचलं नाही. ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांचा 1971 चा सामना, 35-31, जुने लोक अजून शतकातला सामना म्हणून सांगतात. 1996 मध्ये बिग ट्वेल्व्ह हा नवा गट झाला, दोघे त्याच्या वेगवेगळ्या भागांत पडले, आणि दरवर्षीचा सामना चार वर्षांतून दोनदा होऊ लागला. कोणी भांडलं नाही, कोणी हरलं नाही. कागदावर रेघ ओढली गेली आणि वैर हळूहळू निवलं. 2011 मध्ये नेब्रास्का गटच सोडून गेलं.

टेक्सास विरुद्ध टेक्सास ए अँड एम हे त्याहून मासलेवाईक. 1894 पासूनचे शेजारी. 2011 मध्ये टेक्सासने अगदी शेवटच्या किकवर 27-25 असा सामना जिंकला आणि ए अँड एम एसईसी गटात निघून गेलं. पुढे 13 वर्षं सामना नाही. हा सामना सक्तीने व्हावा म्हणून राज्याच्या विधिमंडळात विधेयकंही आली, ती बारगळली. गंमत अशी की दोन्ही विद्यापीठांच्या गीतांत एकमेकांना टाटा करणाऱ्या ओळी आहेत. समोर शत्रू नसताना 13 वर्षं हजारो लोक त्या ओळी घसा फोडून म्हणत होते. अखेर टेक्सासही एसईसीत आलं आणि 2024 च्या 30 नोव्हेंबरला सामना झाला. टेक्सास 17, ए अँड एम 7. पण टेक्साससोबत ओक्लाहोमाही गट सोडून आलं होतं, त्यामुळे ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची दरवर्षीची झुंज 2023 नंतर थांबली. एक सांधायला गेलं की दुसरं उसवतं.

या सगळ्याच्या मुळाशी टीव्ही आहे. पूर्वी कोणाचे किती सामने दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संघटना ठरवत असे. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्यांत होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः 1937 चे नावाजलेले कॉलेज फुटबॉलपटू. पैसा खेळाला कुठे नेईल याचा अंदाज त्यांना कायद्याच्या पुस्तकांपेक्षा मैदानामुळेच जास्त असावा, असं मला वाटतं. निकालानंतर गट स्वतःच टीव्हीशी सौदे करू लागले. 2022 मध्ये बिग टेनने 7 वर्षांचा, 7 अब्ज डॉलरहून मोठा करार केला. या बिग टेनमध्ये आज 18 विद्यापीठं आहेत, आणि बिग ट्वेल्व्हमध्ये 16. गणिताच्या मास्तरांनी कान झाकावेत.

त्या 18 मध्ये लॉस एंजेलिसचं यूसीएलए आहे आणि न्यू जर्सीचं रटगर्सही. 2024 मध्ये यूसीएलएची पोरं देश ओलांडून रटगर्सला ‘गटातला’ सामना खेळायला गेली. याच रटगर्सने 1869 मध्ये प्रिन्स्टनशी पहिला कॉलेज फुटबॉल सामना खेळला होता, 6-4 असा जिंकलाही. प्रिन्स्टन जवळच, त्याच राज्यात. आता त्यांचा गटबंधू देशाच्या दुसऱ्या टोकाला. यूसीएलए आणि मंडळी निघून गेल्यावर पश्चिम किनाऱ्याचा पॅक ट्वेल्व्ह गट असा फुटला की मागे फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरले. सामने मिळेनात, म्हणून 2025 च्या एकाच मोसमात हे दोघे एकमेकांशी दोनदा खेळले.

एसईसीने 2026 पासून गटातले सामने 8 वरून 9 केलेत. प्रत्येक संघाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी आणि सहा आलटूनपालटून. टेक्सासच्या वाट्याला ओक्लाहोमा, ए अँड एम आणि आर्कान्सा आलेत, म्हणजे तिन्ही जुनी वैरं. चांगली वाटणी आहे. फक्त त्या ‘कायमच्या’ प्रतिस्पर्ध्यांचा दर चार वर्षांनी फेरविचार होणार आहे. शत्रूचं नूतनीकरण, भाडेकरारासारखं!

मिशिगन-ओहायो स्टेटचं काय होणार, हा प्रश्न मात्र वेगळाच झाला आहे. 2024 मध्ये मिशिगनचा संघ सुमार होता, ओहायो स्टेट फक्त एकदा हरलेलं. तरी कोलंबसमध्ये जाऊन मिशिगनने 13-10 असा सामना मारला, मैदानात आपला झेंडा रोवायला गेले आणि हाणामारी झाली. पूर्वी असा पराभव म्हणजे वर्ष वाया. पण आता राष्ट्रीय विजेतेपदासाठी 12 संघांची बाद फेरी आहे. ओहायो स्टेट त्यात गेलं आणि जानेवारीत नोत्र दामला 34-23 हरवून देशाचं विजेतं झालं. मिशिगनवाले म्हणतात, आम्ही विजेत्यांना त्यांच्या घरात हरवलं. ओहायोवाले म्हणतात, करंडक कोणाकडे आहे ते बोला. हा वाद मिटणारा नाही, आणि मिटू नये.

सम वर्षी हा सामना कोलंबसला असतो, विषम वर्षी ॲन आर्बरला. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, तिथली बहुधा दुपारची बाराची वेळ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. रविवारी सुट्टी असतेच. जागून बघा एकदा. नमस्कार.