चेलोला वाट करून द्यायची तर

नमस्कार श्रोतेहो. चेलो, म्हणजे गजानं वाजवायचं व्हायोलिनच्या कुळातलं मोठं तंतुवाद्य, आणि ऑर्केस्ट्रासाठी नवी रचना लिहायची म्हटलं की संगीतकाराला आधी सुरावट शोधावी लागत असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्याआधी त्याला जागा शोधावी लागते. चेलोची सर्वात खालची तार सुमारे ६५ हर्ट्झवर लागते, सर्वात वरची २२० वर. हा पुरुषाच्या गळ्याजवळचा आवाज, म्हणून तर तो इतका आपला वाटतो. मात्र हॉर्न, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं आणि व्हायोलिनहून थोडा मोठा व्हायोला यांचीही दाटी इथंच. व्हायोलिन त्यांच्या डोक्यावरून निघून जातं. चेलोला गर्दीतूनच चालावं लागतं.

चेक संगीतकार द्वोर्झाक यांचाही या वाद्यावर भरवसा नव्हता. वरचे स्वर नाकातून येतात, खालचे पुटपुटतात, ही त्यांची तक्रार. मग १८९४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी व्हिक्टर हर्बर्ट या चेलोवादक संगीतकाराचा दुसरा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) ऐकला आणि त्याच नोव्हेंबरात स्वतःचा लिहायला घेतला. त्यात तीन ट्रॉम्बोन आहेत, टुबा हे खर्जाचं पितळी वाद्यही आहे! पण ते गप्प कधी बसतात, तिकडे कान द्या. चेलो गाऊ लागला की अनेकदा भोवती एखादी बासरी, एखादं क्लॅरिनेट, एवढंच उरतं.

रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांनी १९५९ मध्ये आपल्या चेलो कॉन्चेर्टोत पितळी वाद्यांतून एकच हॉर्न ठेवला, आणि तोही चेलोशी बोलायला. पोलिश संगीतकार लुतोस्वाव्स्की यांच्या १९७० च्या चेलो कॉन्चेर्टोत चेलो एकटाच सुरुवात करतो, एकच स्वर पुन्हा पुन्हा. मग ट्रम्पेट त्याला मध्येच तोडतात. दाटीचाच त्यांनी विषय केला. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

आज नवं लिहिणाऱ्यानं म्हणूनच वादकाशेजारी बसावं. हे दोन स्वर एका गजात निघतील का, तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीजवळ गज नेला तर आवाज किती पातळ होतो, हे कागदावर कळत नाही.

द्वोर्झाक १८९५ मध्ये मायदेशी परतले आणि त्यांची मेहुणी योझेफिना वारली. तिच्या आवडीचं त्यांचंच एक गाणं होतं. त्यांनी कॉन्चेर्टोचा शेवट नव्यानं लिहिला आणि त्या गाण्याची आठवण तिथं आणली. ज्याच्यासाठी रचना लिहिली त्या वादकाला तिथं स्वतःचं कौशल्य दाखवायचं होतं. द्वोर्झाक यांनी साफ नकार दिला. त्या जागी एक व्हायोलिन चेलोला साथ देतं, मग चेलो श्वास सोडावा तसा उतरत जातो.