गृहलक्ष्मीचे पैसे येतात कुठून?

श्रोते हो, नमस्कार.

निपाणीची लेक कागलला आणि कागलची लेक निपाणीला, ही सोयरीक आपल्या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता सणाला माहेरी जमलेल्या बहिणींच्या बोलण्यात नवा विषय असतो. इकडे दिलेलीला कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये, तिकडे दिलेलीला महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे १,५००. आणि दोघींना ऐकावं लागतं ते एकच: सरकारनं बायकांना फुकट खायची सवय लावली.

हे बोलणं मला सहन होत नाही. निपाणीच्या वखारीत तंबाखूची धूळ छातीत भरून घेणारी, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी, वडगाव-शहापुरात मागाच्या खडखडाटात बसून कांड्या भरणारी बाई कामचुकार आहे असं तिच्या तोंडावर कोण म्हणेल?

माझी तक्रार वेगळीच आहे: हे पैसे कुणाच्या हातात पडतात, आणि कुणाच्या खिशातून येतात? गृहलक्ष्मीचे पैसे मिळतात ते रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेल्या बाईला. म्हणजे घरात सासू असली तर सासूला. २०२३ मध्ये योजना सुरू होण्याआधीच सासू की सून हा वाद घरोघरी रंगला, तेव्हा कर्नाटकाच्या महिला व बालविकास खात्याच्या मंत्री आणि आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांनी सासूलाच मान दिला. मग दिवसभर विड्या वळणाऱ्या सुनेच्या हातात काय उरलं?

सरकारनं प्रत्येक माणसाला ठरावीक रक्कम नियमित द्यायची, ही सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना इथेच वेगळी पडते. पैसे घराला नाहीत, माणसाला. सासूला तिचे, सुनेला तिचे, पुरुषांनाही, आणि अट कसलीच नाही. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत यावर अख्खं प्रकरण होतं. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, असा हिशेब त्यात मांडला होता. पाच जणांच्या घराला ते ३८,१०० होतात. गृहलक्ष्मीचे वर्षाचे होतात २४,०००.

लोक पैसे दारूत घालवतील, ही भीती जुनीच. मध्य प्रदेशातल्या काही गावांत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं २०११-१२ मध्ये युनिसेफच्या मदतीनं हे करून पाहिलं. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १००. दारू वाढल्याचं दिसलं नाही. मुलांचं खाणं सुधारलं, आणि मजुरीला जाणारे कित्येक जण स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले. सावकाराकडं हात न पसरता बी-बियाणं घेता येणं केवढी मोठी गोष्ट आहे, हे तंबाखू पिकवणाऱ्याला मी काय सांगणार!

पण पैसा आणायचा कुठून? साबण, तेल, चपला घेताना ती विडी वळणारी बाईही जीएसटी भरते. तिच्याच पिशवीतून काढून तिच्याच खात्यावर टाकले, तर तिला दिलं काय? वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या मते २०२२-२३ मध्ये देशातली ४० टक्के संपत्ती वरच्या १ टक्का लोकांकडे होती. खालच्या अर्ध्या देशाकडे सात टक्केसुद्धा नव्हती. आणि याच देशात मोठ्या वारशावरची इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली, १९५७ पासूनचा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. वसुली थोडी आणि खटपट फार, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. मला ते पटत नाही. चाळणीला भोकं पडली तर ती बुजवायची, चाळणीच फेकून द्यायची नाही.

असे कर ना बेंगळुरू बसवू शकतं ना मुंबई. तो अधिकार दिल्लीचा. तेव्हा बेळगाव आणि चिकोडीच्या, आणि खानापूर ज्यात येतं त्या उत्तर कन्नडच्या खासदारांना हे विचारायला हवं: वरच्या १ टक्क्यावर संपत्ती कर पुन्हा बसवायची मागणी तुम्ही लोकसभेत करणार की नाही?

नमस्कार.