एका दामात दहा गेम

नमस्कार, श्रोतेहो.

दहा गेम एकत्र घ्या आणि ऐंशी टक्के सवलत मिळवा, अशी जाहिरात स्क्रीनवर झळकली की पहिला विचार येतो तो संशयाचाच. इतकं स्वस्त विकणं यांना परवडतं तरी कसं? की आपल्या गळ्यात न खपणारा माल मारला जातोय? मी बरीच वर्षं अशी बंडलं घेत आलोय, आणि माझं मत असं झालंय की बंडल नीट बांधलेलं असेल, तर घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं, दोघांचंही भलं होतं.

एक छोटा हिशोब सांगतो. दोन गेम घ्या, एक कथेचा आणि एक मोटारींच्या शर्यतीचा. गिऱ्हाइकंही दोनच. पहिल्याला कथा आवडते, त्यासाठी तो 12 डॉलर देईल, शर्यतीसाठी मात्र 4 च. दुसऱ्याचं बरोबर उलटं. आता प्रत्येक गेम 12 ला विकला, तर दोघेही आपापल्या आवडीचा एकच घेतील आणि गल्ल्यात 24 डॉलर येतील. किंमत 4 वर आणली तर चार प्रती खपतील, पण हाती 16 च लागतील. आणि दोन्ही गेम मिळून 15 ला दिले तर? दोघांच्याही लेखी त्या जोडीची किंमत 16 आहे, म्हणून दोघेही घेतील. विकणाऱ्याला 30 मिळाले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकेक डॉलर वाचला. कोणाच्याही खिशातून काही ओरबाडलं गेलं नाही.

ही सारी किमया आवडीनिवडीतल्या फरकाची आहे. दोघांनाही कथाच आवडत असती, तर गठ्ठा बांधून काहीच जास्त हाती लागलं नसतं. सिनेमाचे वितरक चित्रपट सुटे न देता गठ्ठ्यानं का देत, याचा उलगडा अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1963 साली याच धर्तीवर केला होता. डिजिटल गेमला तर हा हिशोब आणखी चपखल बसतो, कारण गेम एकदा तयार झाला की पुढच्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य. शर्यतीचा गेम ज्याला नुसता 4 डॉलरचा वाटतो, त्यालाही तो देऊन टाकण्यात काही जात नाही.

विकणाऱ्याचा दुसरा फायदा ओळख होण्याचा. 2007 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं 'ऑरेंज बॉक्स' नावानं पाच गेम एकत्र काढले. त्यात 'हाफ-लाइफ 2' सारखं गाजलेलं नाव होतं, आणि सोबत 'पोर्टल' हा काही तासांत संपणारा, अगदी नवा गेम. लोक घ्यायला आले दुसऱ्याच कशासाठी आणि प्रेमात पडले पोर्टलच्या. मोठ्याच्या शेजारी बसायला मिळालं की लहानाकडेही नजर जाते.

मे 2010 मध्ये पहिलं हंबल इंडी बंडल आलं, म्हणजे लहान, स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमचा गठ्ठा. त्यात किंमत ठरवायची ती गिऱ्हाइकानं, आणि आपल्या पैशातलं किती गेम बनवणाऱ्यांना जावं, किती धर्मादाय संस्थांना, हेही त्यानंच. वर कॉपी रोखणारं कुलूपही नव्हतं. तरीही दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी तर सरासरीनं विंडोजवाल्यांपेक्षा जास्त पैसे मोजले! लोकांवर विश्वास टाकला तर लोक तो सांभाळतात, याचा मला आजही आनंद वाटतो.

पण लहान निर्मात्यांसाठी एक धोका आहे, आणि तो मला मनापासून टोचतो. तीन वर्षं खपून केलेला गेम बाजारात आल्यावर सहा महिन्यांत बंडलमध्ये गेला, तर लोकांच्या डोक्यात त्याची तीच स्वस्त किंमत पक्की होते. पूर्ण दाम देऊन घेणारे हात आखडतात, 'येईल की बंडलमध्ये' म्हणून थांबतात. ज्यांनी पहिल्याच दिवशी घेतला, त्यांचा हिरमोड होतो तो वेगळाच. म्हणून सुरुवातीची विक्री ओसरल्यावर बंडलमध्ये जाणं शहाणपणाचं. आणि आत शिरताना आपल्या शेजारी कोण बसलंय, हेही बघावं. एकाच धाटणीचे पाच गेम असतील, तर वरचा हिशोबच कोसळतो.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानात काही बंडलांत आपल्याकडे आधीच असलेल्या गेमचे पैसे वगळले जातात आणि उरलेल्यांवर सवलत मिळते. हा प्रकार मला सगळ्यात न्याय्य वाटतो. बाहेरच्या दुकानांतून कोडच्या रूपात येणाऱ्या बंडलांत बहुधा तसं होत नाही, तिथं आधीच असलेल्या गेमचेही पैसे नकळत मोजले जातात. दुसरी गोष्ट परताव्याची, म्हणजे गेम परत करून पैसे मागण्याची. सुट्या गेमसाठी स्टीमची मुदत चौदा दिवस आणि खेळण्याची मर्यादा दोन तास. बंडलमध्ये ते दोन तास सगळ्या गेमचे मिळून धरतात. प्रत्येक गेम अर्धा-अर्धा तास चाळून बघू म्हटलं, तर चौथ्याच गेमला मर्यादा संपते.

माझ्या लायब्ररीत कधीच न उघडलेले गेम भरपूर आहेत. त्यांच्यावर गेलेल्या पैशांपेक्षा, कोणीतरी जीव ओतून केलेलं काम तिथं नुसतं पडून आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं. आता बंडल दिसलं की मी आधी यादी बघतो आणि त्यातला कोणता गेम या महिन्यात खरोखर खेळेन, ते ठरवतो. त्या एकाच गेमसाठी बंडलची पूर्ण किंमत द्यायची तयारी असेल, तरच घेतो. असंच एकदा एका गेमसाठी घेतलेल्या बंडलमध्ये मासेमारीचा एक शांत गेम होता. मी तो सुटा कधीच घेतला नसता. कंटाळा आला म्हणून एका संध्याकाळी उघडला आणि पुढचे तीन आठवडे दुसरं काही खेळलोच नाही. त्याच निर्मात्याचा पुढचा गेम आला, तेव्हा सवलतीची वाट न बघता मी तो पहिल्याच दिवशी, पूर्ण किमतीत घेतला.

नमस्कार.